पोस्टिंग आली: पेट्या काढायच्या आधीचे काम

पोस्टिंग आल्याचे कळले की घरात पहिला विषय निघतो तो पेट्यांचा. किती पुरतील, कोणत्या पेटीचा कोयंडा तुटलाय, फ्रिजचे लाकडी खोके अजून शाबूत आहे का. खरे तर पेट्या शेवटच्या आठवड्यातही भरून होतात. शेवटच्या आठवड्यात होत नाही ते कागदांचे काम, आणि नव्या स्टेशनवरचे पहिले तीन महिने कसे जाणार हे त्यावरच ठरते. म्हणून पहिल्यांदाच क्वार्टर सोडणाऱ्या फौजी कुटुंबांनी क्रम असा ठेवावा: आधी कागद, मग शाळा, मग घर, आणि सामान सर्वांत शेवटी.

सुरुवात पार्ट-टू ऑर्डरपासून, म्हणजे कुटुंबातल्या बदलांची युनिट जी अधिकृत नोंद काढते तिच्यापासून. लग्न, मुलाचा जन्म, नावातली दुरुस्ती, यातले काहीही पार्ट-टू ऑर्डर निघेपर्यंत सर्व्हिसच्या कागदांवर चढत नाही. मूल दीड वर्षाचे झाले तरी नोंद नसेल तर त्याचे डिपेंडंट कार्ड, म्हणजे कुटुंबीयाचे ओळखपत्र, निघत नाही. जुन्या स्टेशनवर एमआय रूममधली (फौजी दवाखान्यातली) माणसे ओळखीची असतात, तिथे निभावून जाते. नव्या एमएचच्या (मिलिटरी हॉस्पिटलच्या) खिडकीवर कार्डच मागतात. मराठी घरांत यात नेहमीचा घोळ नावाचा होतो. जन्मदाखल्यावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन शब्द असतात आणि पार्ट-टूमध्ये दोनच. बायकोचे आधार सासरच्या नावाने, पदवीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि फौजेच्या नोंदीत तिसरेच स्पेलिंग. युनिटचा क्लार्क तुम्हाला ओळखतो तोवरच हे सुधारून घ्या. निघाल्यावर तीच दुरुस्ती नव्या युनिटमधून करायची म्हणजे जुन्या युनिटशी पत्रव्यवहार आला आणि महिने गेले.

मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे नव्या ठिकाणी निघण्याचा आदेश, हातात आली की तिच्या सात-आठ प्रती काढा. शाळा, गॅस, वाहन, वाहतूकदार आणि बदलीच्या खर्चाचा क्लेम, सगळ्यांना ती लागते. पण तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका, पॅकर्सना पाठवू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर नाहीच. तारीख, युनिट आणि ठिकाण एकाच कागदावर असते. जुने सामान ऑनलाइन विकतानाही ओळखपत्राचा फोटो कुणालाही देऊ नये. फौजी बदलीच्या नावाने स्वस्त गाडी किंवा सोफा विकायला काढणारे भामटे असेच फोटो वापरून लोकांना फसवतात.

शाळा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्वार्टर दोन महिने उशिरा मिळाले तर गैरसोय होते, शाळेचे चुकले तर मुलाचे वर्ष जाते.

मूल आधीपासून केंद्रीय विद्यालयात (केव्हीत) असेल तर काम सोपे असते. एका केव्हीची टीसी दुसऱ्या केव्हीत चालते, आणि वर्ग भरलेला असला तरी बदलीच्या प्रकरणात विभागीय कार्यालयाच्या परवानगीने मार्ग निघतो. नव्याने प्रवेश घ्यायचा असेल तर सर्व्हिस सर्टिफिकेट नीट लिहून घेणे महत्त्वाचे. केव्हीत केंद्र सरकारी आणि सैन्यातल्या कर्मचाऱ्यांची मुले पहिल्या प्राधान्यगटात येतात, आणि त्या गटातल्या गटात क्रम लावताना मागच्या 7 वर्षांत किती बदल्या झाल्या ते पाहतात. त्या बदल्या मोजायलाही अटी आहेत: दोन ठिकाणांत किमान 20 किलोमीटर अंतर हवे आणि त्या ठिकाणी किमान 6 महिने मुक्काम हवा. प्रमाणपत्रात नुसते 'तीन बदल्या' असे लिहून भागत नाही. कुठून कुठे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे सगळे, सही-शिक्क्यासह असावे. तारखा नसलेले प्रमाणपत्र परत येते आणि तोवर जागा भरतात.

महाराष्ट्रातून बाहेर जाणाऱ्यांनी वयाचे गणित आधी करावे. केव्हीत पहिलीसाठी 31 मार्चला 6 वर्षे पूर्ण लागतात. महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत 6 पूर्ण होणारे मूल जूनमध्ये पहिलीत बसते. एप्रिल ते डिसेंबर जन्मलेल्या मुलांचे पालक यातच अडकतात: मूल इथे पहिली पास झालेले असते आणि तिथे दुसरीच्या वयात बसत नाही. आर्मी पब्लिक स्कूलचे नियम वेगळे असल्याने तिथेही विचारणा करून ठेवावी.

भाषेचा प्रश्न मात्र कुणी आधी सांगत नाही. केव्हीत सहावी ते आठवी संस्कृत असते. राज्य मंडळाच्या मराठी शाळेतून सातवीत गेलेल्या मुलासमोर संस्कृतचे आधीचे वर्ष सुटलेले असते, आणि हिंदी त्याला पाचवीपासून आलेली असते, तर वर्गातल्या बाकीच्यांना पहिलीपासून. हुशार मूल पहिल्याच चाचणीत गडगडते ते बहुतेक याच दोन विषयांत. पोस्टिंग कळल्यापासून निघेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात मागच्या इयत्तेचे संस्कृत आणि हिंदीचे पुस्तक काढून रोज अर्धा तास बसवा. एनसीईआरटीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. गणित-विज्ञान मूल तिथे जाऊनही गाठते.

नववी ते बारावीत गाठ सीबीएसईशी असते. मंडळाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. त्यामुळे दहावी-बारावीत शाळा बदलायला मंडळाची परवानगी लागते. पालकाची बदली हे त्यासाठी मान्य कारण आहे, पण बदलीच्या आदेशाची प्रत, मार्कशीट आणि टीसी जोडावी लागते. राज्य मंडळाच्या शाळेतून जात असाल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. हा शिक्का राहिला की दोन हजार किलोमीटरवरून कुणाला तरी पंचायत समितीच्या चकरा मारायला लावाव्या लागतात. दाखल्यावर मुलाचा पेन (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक) क्रमांक आणि जन्मतारीख अक्षरी बरोबर आहे ना, हे शाळेच्या ऑफिसातच उभे राहून वाचा.

मूल नववीच्या पुढे असेल तर वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला आताच काढून ठेवा. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत, आणि बाहेरच्या राज्यात दहावी-बारावी झालेल्या मुलाचा मराठी मातीवरचा हक्क त्या दाखल्यानेच टिकतो. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कार्यालयात धावणाऱ्यांची फार ओढाताण होते, ती टाळता येते.

फील्ड पोस्टिंग असेल तर

तिथे कुटुंब नेता येत नाही. मग तीन वाटा उरतात: आहे तिथलेच क्वार्टर नियमाने जितके दिवस मिळेल तितके ठेवणे, एसएफ (सेपरेटेड फॅमिली, म्हणजे फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीच्या) क्वार्टरसाठी अर्ज करणे, किंवा गावी जाणे. गावी जायचा मोह होतो, आणि सासू-सासऱ्यांचा आधार खराच मोठा असतो. पण मुले सीबीएसईतून राज्य मंडळात आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा सीबीएसईत, असे दोनदा बदलणे त्यांना जड जाते. शाळेत जाणारी मुले असतील तर एसएफ क्वार्टरच निवडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एसएफची यादी लांब असते, म्हणून पोस्टिंग कळल्याच्या आठवड्यातच अर्ज टाका. फील्डमध्ये पत्र पाठवायचे तर पत्त्यात 56 एपीओ किंवा 99 एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) येते, आणि ते टपाल खात्यानेच पोचते. खासगी कुरियर तिथे जात नाही. औषधे किंवा कागद पाठवायचे असतील तर स्पीड पोस्ट करा.

क्वार्टर

नव्या युनिटला फोन करून एकच प्रश्न विचारा: सध्या क्वार्टरला किती वाट पाहावी लागते? उत्तर 'चार-पाच महिने' आले तर कुटुंब शाळेचे सत्र संपेपर्यंत मागे ठेवणे शहाणपणाचे. बाहेर भाड्याने राहणार असाल तर क्वार्टर उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र ताबडतोब मागा, कारण घरभाडे भत्त्याला तेच आधार असते.

ताबा घेताना, म्हणजे मार्चिंग-इनला, एमईएसचा (फौजेची घरे सांभाळणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसचा) माणूस इन्व्हेंटरी, म्हणजे घरातल्या वस्तूंची यादी, घेऊन येतो. सही करायची घाई तोही करतो आणि आपणही, कारण ट्रक बाहेर उभा असतो. तरी अर्धा तास थांबा. प्रत्येक पंखा पाचवर फिरवून पाहा. गीझरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घाला. सिंकमध्ये बादलीभर पाणी एकदम ओता आणि मग खाली वाकून वेस्ट पाइपच्या सांध्यावरून कोरडे बोट फिरवा. नुसता नळ सोडून ही गळती दिसत नाही. फ्लशची टाकी भरून पाच मिनिटांनी पुन्हा पाहा, पाणी उतरले का. खिडक्यांच्या काचा मोजा, तडा गेलेली काच वेगळी लिहा. जाळीच्या दाराची खालची पट्टी ओढून पाहा, डास तिथूनच येतात. मीटरचे रीडिंग तारखेसह फोटोत घ्या. जे मोडके आहे ते इन्व्हेंटरीवर शेरा म्हणून लिहायला लावा आणि त्याखाली दोघांच्या सह्या घ्या. जे लिहिलेले नाही ते दोन वर्षांनी मार्चिंग-आउटला, म्हणजे ताबा परत देताना, तुम्ही मोडले असे धरले जाते आणि बॅरॅक डॅमेजेस म्हणून तुमच्याकडून वसूल होते.

जुने क्वार्टर सोडताना मार्चिंग-आउट निघण्याच्या सकाळी ठेवू नका. एक दिवस आधी ठेवला तर निखळलेली कडी, हरवलेली किल्ली, भिंतीतले खिळे यांचा निकाल स्वस्तात लागतो. विजेचे शेवटचे बिल भरल्याची पावती क्लिअरन्ससोबत जपून ठेवा.

सामान, गाडी, गॅस

सरकारी खर्चाने किती सामान नेता येते हे वेतनस्तरावर ठरते. शिपाई आणि नाईक, म्हणजे लेव्हल 3 आणि 4, यांना 1500 किलो; हवालदार, म्हणजे लेव्हल 5, यांना 3000 किलो; नायब सुभेदारापासून वर 6000 किलो. वाहतूकदाराकडून बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची पावती), वजनकाट्याची पावती आणि जीएसटीचे बिल, तीनही कागद घ्या. करारात 'माल वाटेत दुसऱ्या गाडीत चढवणार नाही' असे लिहून घ्या. काच आणि फर्निचर प्रवासापेक्षा चढउतारात जास्त फुटते. विमा तुमच्या सामानाच्या किमतीचा आहे की नुसती वाहतूकदाराची जबाबदारी लिहिली आहे, हे वाचून पैसे द्या.

प्रत्येक पेटीवर क्रमांक आणि नाव रंगवा, आत काय आहे ते वहीत लिहा. पेटीवर लिहू नका. फ्रिज एक दिवस आधी बंद करून बर्फ वितळू द्या. फ्रंट-लोड वॉशिंग मशीनचे मागचे ट्रान्झिट बोल्ट लावल्याशिवाय ते चढवू देऊ नका, नाहीतर ड्रम हलून हलून सस्पेन्शन जाते. पेटी क्रमांक 1 ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढते, म्हणजे सर्वांत आधी उतरते. तिच्यात कुकर, दोन पातेली, चहाचे साहित्य, बादली-मग, दोन चादरी, मुलांचे गणवेश, टेस्टर, पक्कड, कुलूप आणि एक्स्टेंशन बोर्ड. मूळ कागद, दागिने, महिन्याभराची औषधे आणि लसीकरणाचे पुस्तक मात्र हातातल्या बॅगेत, ट्रकमध्ये कधीही नाही.

गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याची पावती) घ्या. मूळ सब्स्क्रिप्शन व्हाउचर (जोडणी घेतानाची पावती) आजच शोधा, ऐन वेळी तेच सापडत नाही. गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त राहणार असेल तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28, निघण्यापूर्वी काढा. नवी गाडी घेणार असाल तर 2021 पासून मिळणारी बीएच मालिका घ्या. रस्ता कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदलले तरी क्रमांक तोच राहतो.

पोचल्यावर

पहिल्या आठवड्यात डिपेंडंट कार्ड घेऊन एमएच किंवा एमआय रूममध्ये एकदा जाऊन या, कुणी आजारी नसतानाच. रात्री दोनला ताप चढला तर कोणत्या फाटकाने आत जायचे आणि ॲम्ब्युलन्ससाठी कुठे फोन लावायचा हे बायकोला माहीत हवे, कारण साहेबांची ड्यूटी नेमकी त्याच रात्री असते.

मग क्लेम. बदली 20 किलोमीटरच्या पलीकडची असेल तर कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट, म्हणजे बदलीचे एकरकमी अनुदान, मूळ वेतनाच्या 80 टक्के मिळते, शिवाय प्रवास आणि सामानाचा खर्च वेगळा. बिल 60 दिवसांत गेले पाहिजे. सामान उशिरा येते, कुटुंब त्याहून उशिरा येते आणि दिवस सरतात, म्हणून तिकिटे, बिल्टी आणि काट्याची पावती एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवून पहिल्या महिन्यातच क्लार्ककडे द्या, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःकडे तारीख टाकून ठेवा.