परदेशातल्या डॉक्टरला कॅन्सरचे रिपोर्ट पाठवायचेत? आधी ती सीडी शोधा

मावशीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा न्यू जर्सीच्या मावसबहिणीला आम्ही काय पाठवलं माहितीये? खिडकीच्या काचेला धरलेल्या सीटीच्या फिल्मचा फोटो, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि फिल्मच्या आरपार समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसतीये. तिने तिकडच्या एका ऑन्कोलॉजिस्टला दाखवला, ते म्हणाले यावरून मी काहीच सांगू शकत नाही, ओरिजिनल इमेजेस द्या. आठवडा असाच गेला. तुमचा जाऊ नये म्हणून लिहितोय.

तर स्कॅन केल्यावर सेंटरवाले फिल्मच्या पाकिटात एक सीडी टाकतात, जी आपण कपाटात ठेवून विसरतो, खरा माल तिच्यात असतो. त्यातल्या फाइल्सना डायकॉम म्हणतात. एका सीटीत शेकडो चित्रं असतात, डॉक्टर ती पुढेमागे सरकवत बघतात, गाठ मोजतात, काळं-पांढरं कमीजास्त करतात, फिल्मच्या फोटोत यातलं काहीच होत नाही. आता लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतोच, मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह घेऊन जा. सीडी पूर्णच्या पूर्ण कॉपी करा, ‘ही फाइल उघडत नाही, नको’ म्हणून काही गाळू नका, फाइल्सची नावं बदलू नका. मग सगळ्याची एक झिप. घरी उघडून बघायचं तर विंडोजवर मायक्रोडायकॉम आणि मॅकवर होरोस चालतं, फुकट आहेत. बघाच, कारण आमची पेट-सीटीची सीडी कोरी निघाली होती, सेंटरवर जाऊन पुन्हा बर्न करून आणावी लागली. जुने स्कॅनपण द्या, आधी गाठ किती होती हे कळल्याशिवाय आत्ताची कमी झाली का वाढली कसं सांगणार?

बायोप्सीचं प्रकरण थोडं किचकट आहे. रिपोर्टचा नीट स्कॅन केलेला पीडीएफ तर हवाच, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचं पान विसरू नका (गाठीच्या पेशींवर कोणती प्रथिनं आहेत ते सांगणारं, ईआर, पीआर, हर-टू लिहिलेलं असतं ते). हर-टू टू प्लस आलं असेल तर ना धड पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह, फिश नावाची जनुकाची टेस्ट करावी लागते, ती झाली असेल तर तोही रिपोर्ट जोडा. पण मोठ्या सेंटरचे पॅथॉलॉजिस्ट बऱ्याचदा दुसऱ्याचा रिपोर्ट वाचून थांबत नाहीत, त्यांना स्लाइड किंवा मेणाचा ब्लॉक स्वतः बघायचा असतो. हा ब्लॉक म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान चौकोनी तुकडा, मेणात तुमच्या पेशंटची गाठ बसवलेली. लॅबला लेखी अर्ज दिला की मिळतो, पावती घ्या, नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळवून बघा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. आणि सरळ कोणाच्या बॅगेत टाकून अमेरिकेला धाडू नका, तिकडच्या हॉस्पिटलला आधी विचारा कसं पाठवायचं, काही ठिकाणी लॅबने स्लाइड डिजिटल स्कॅन करून दिली तरी चालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी करत नाही: एका पानावर तारीखवार हकीकत लिहा. कधी निदान, कोणतं ऑपरेशन, किती केमो, रेडिएशन किती ग्रे (हे त्याच्या डोसचं माप) आणि किती दिवस. तारखेत महिना अक्षरात लिहा. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, अमेरिकेत ५ एप्रिल, केमोच्या सायकल मोजताना सगळा घोळ. औषधाचं ब्रँडनेम नको, आतलं नाव लिहा. हर्ट्राझ किंवा कॅनमॅब म्हटलं तर तिकडे कोणाला कळणार, ट्रॅस्टुझुमॅब म्हटलं की लगेच कळतं. रक्ताच्या आकड्यांपुढे युनिट लिहा, इंग्लंडमध्ये हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये असतं, आपलं १०.२ त्यांचं १०२. किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिनही वेगळं, आपलं १ म्हणजे त्यांचं ८८ च्या आसपास.

हॉस्पिटल रेकॉर्ड देत नाही, उद्या या परवा या चाललंय? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असं लिहिलंय. शांतपणे लेखी अर्ज करा, पोच घ्या. भांडू नका, उद्या तिथेच उपचार घ्यायचेत.

पाठवताना गूगल ड्राइव्हची लिंक ‘ज्याच्याकडे लिंक त्याला दिसेल’ अशी ठेवू नका, फक्त त्या डॉक्टरच्या ईमेलला परवानगी द्या, झिपला पासवर्ड टाका आणि पासवर्ड फोनवर सांगा. फॅमिली ग्रुपवर तर अजिबात नको, आमच्यात एका काकांनी तो रिपोर्ट सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला ‘प्रार्थना करा’ म्हणून, मावशीला वॉचमनने विचारलं कशी आहे तब्येत. उपचाराच्या डॉक्टरला पाठवताना मात्र नाव, जन्मतारीख काढू नका, अदलाबदल होते. उलट ओळख लपवून कुठे दाखवायचं असेल तर फाइलचं नाव बदलून भागत नाही, डायकॉमच्या आत पेशंटचं नाव असतंच, सॉफ्टवेअरमधून अ‍ॅनॉनिमाइज करा.

बाकी सेकंड ओपिनियनसाठी बाहेरच जायला पाहिजे असं नाही हां. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) यांच्याबरोबर काम करणारी ‘नव्या’ (Navya) नावाची ऑनलाइन सेवा आहे, दुबई-मस्कतवाले आपले लोकही रिपोर्ट तिकडून इकडे पाठवू शकतात, वरची सगळी तयारी तीच.

एखादं हॉस्पिटल ‘डेटा रिसर्चसाठी वापरू का, परदेशी पाठवू का’ असा फॉर्म देतं. ती सही उपचाराच्या सहीपेक्षा वेगळी, नाही म्हटलं म्हणून उपचार अडवता येत नाहीत. नाव काढणार का आणि नंतर माघार घेता येते का, एवढं विचारा. मी स्वतः हो म्हणेन, कारण लहान मुलांचे काही कॅन्सर इतके दुर्मिळ आहेत की एका देशात पुरेसे पेशंटच सापडत नाहीत, देशोदेशींची माहिती एकत्र करावी लागते. आणि हे आपल्याकडे नवीनही नाही, मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री (म्हणजे कॅन्सरच्या पेशंटची नोंदवही) १९६३ पासून, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची १९८७ पासून चालू आहे, फ्रान्सच्या लिऑनमधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था असल्या रजिस्ट्र्यांचे आकडे जगभरच्या आकड्यांशेजारी ठेवते.

बाहेरचं उत्तर आलं की ते लेखी घ्या आणि इथल्या डॉक्टरला दाखवा, औषध तेच लिहिणार. उत्तराची वाट बघत केमोची तारीख परस्पर पुढे ढकलू नका, आधी इथल्यांना विचारा. आणि ब्लॉक परत आला की लॅबमध्ये जमा करून पावतीवर सही घ्या, पुढे नवीन टेस्ट करायची वेळ आली तर तोच लागतो.