गाणी एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर नेताय? या चुका टाळा

‘गाना’ या ॲपने २०२२ मध्ये फुकट ऐकणं बंद केलं, रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेलं आणि त्याच वर्षी विंक म्युझिकनेही दुकान आवरलं. त्यामुळे बऱ्याच जणांनी हौसेपेक्षा नाइलाजानेच ॲप बदललंय. गाणी हलवायला साउंडीझ, ट्यून माय म्युझिक, आयफोनवर साँगशिफ्ट अशी साधनं आहेत आणि ती कामाचीही आहेत. फक्त बेळगाव-खानापूर-निपाणीकडची लायब्ररी त्यांना जड जाते. आमच्याकडे एकाच प्लेलिस्टमध्ये मराठी अभंग, त्याखाली कन्नड दासर पदं (हरिदास संतांची भक्तिगीतं), मग जुनं हिंदी आणि शेवटी नाट्यसंगीत असतं. नावं कुठे देवनागरीत, कुठे कन्नड लिपीत, बाकी रोमनमध्ये आणि तीही ज्याला जशी सुचली तशी.

‘९७ टक्के जुळलं’ यावर विसंबणं

गाणी हलवून झाली की किती जुळली याचा आकडा साधन दाखवतं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

ही साधनं गाण्याची फाइल उचलून नेत नाहीत. तुमच्या यादीतलं नाव, गायक, अल्बम वाचून नव्या ॲपवर तसंच काही सापडतंय का ते बघतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा कोड असतो. तो दोन्हीकडे मिळाला तर जुळणी पक्की. पण जुनं रेकॉर्डिंग रीमास्टर होऊन, म्हणजे आवाज सुधारून, आलं की त्याला बऱ्याचदा नवा कोड मिळतो. मग साधन पुन्हा नावावर येतं, आणि नावाच्या बाबतीत आपल्याकडे आनंदच आहे.

भीमसेन जोशींचंच बघा. गदग जिल्ह्यातल्या रोणचा जन्म, मराठी अभंग आणि कन्नड दासवाणी दोन्ही गायले. एकच अभंग स्टुडिओतला वेगळा, मैफलीतला वेगळा, एखाद्या भक्तिसंग्रहात घेतलेला आणखी वेगळा. त्यांच्या नावामागे कुठे ‘पंडित’, कुठे ‘पं.’, कुठे काहीच नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीचा, तेव्हा त्यांची निर्गुणी भजनं आमच्याकडे घरोघर असणारच. त्यांचंही तेच. शास्त्रीय संगीतात तर ट्रॅकचं नाव नुसतं ‘राग यमन, विलंबित एकताल’ असतं. त्या नावाखाली साधन कोणालाही आणून बसवतं आणि हिरवी खूण करून मोकळं होतं.

निपाणीच्या आमच्या एका तात्यांचा भजनाचा संग्रह हलवल्यावर त्यांचा फोन आला, “गाणी आल्यात सगळी, पण अभंग भलताच कोणीतरी म्हणालाय की!” अहवालात एकही गाणं हुकलेलं नव्हतं. हुकलेलं गाणं निदान लाल रंगात समोर दिसतं. चुकीचं जुळलेलं लपून राहतं आणि महिन्यांनी पहाटे काकड्याच्या वेळी वाजतं.

उपाय साधा आहे. एकदम सगळं हलवू नका. आधी पंधरा-वीस अवघड गाण्यांची एक प्लेलिस्ट करा: दोन अभंग, दोन दासर पदं, एक बडा ख्याल, एखादं नाट्यपद. ती हलवा आणि दोन्ही ॲप शेजारी उघडून गाण्यांची लांबी ताडून बघा. मूळ गाणं साडेसहा मिनिटांचं आणि आलेलं अकरा मिनिटांचं असेल तर ते दुसरंच आहे, वाजवून बघायचीही गरज नाही. लांबी जुळत असेल तर सुरुवातीचं अर्धं मिनिट ऐका. यूट्यूब म्युझिकवर जाताना हे जास्तच सांभाळा. तिथे अधिकृत गाण्यांच्या शेजारी लोकांनी चढवलेले व्हिडिओही असतात, आणि मूळ गाण्याच्या जागी कुणाचं तरी कराओके येऊन बसू शकतं.

जे सापडतच नाही ते गायकाच्या नावाने न शोधता अल्बमच्या नावाने शोधा. कन्नड पदांसाठी कन्नड लिपीत एकदा आणि रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी टाइप करून बघा. तरीही नाहीच मिळालं तर ते गाणं काढणाऱ्या कंपनीचा त्या ॲपशी करार नसेल. २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून अचानक उतरली होती ती अशाच कारणाने. अशा वेळी साधन बदलून उपयोग नाही.

यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करणं

हलवण्याआधी यादीची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) प्रत काढून ठेवा, हे सगळेच सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. ती फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की बऱ्याचदा देवनागरी आणि कन्नड नावांचा चिखल दिसतो. तोवर काही बिघडलेलं नसतं. पण त्याच अवस्थेत सेव्ह केलंत तर त्या चिखलासकट फाइल पक्की होऊ शकते. नावं नीट दिसत असतानाही साधी सीएसव्ही निवडली तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं आणि ते परत फिरवता येत नाही. म्हणून एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल आत घ्या, तिथे ६५००१ म्हणजे युनिकोड यूटीएफ-८ निवडा आणि सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ घ्या. नाहीतर गूगल शीट्समध्ये उघडा, ही भानगडच नाही.

तुमचं जुनं ॲप साधनाच्या यादीत आहे का, हेही पैसे भरण्याआधी बघा. नसेल तर गाणं आणि गायक अशी ओळीने साधी यादी टाइप करून साउंडीझ किंवा ट्यून माय म्युझिकला देता येते. वेळ लागतो, पण काम होतं.

डाउनलोड केलेली गाणी बरोबर येतील असं धरून चालणं

येत नाहीत. ती त्या ॲपच्या कुलपातच असतात. नव्या ॲपवर पुन्हा उतरवावी लागतात, आणि ती घरच्या वायफायवर उतरवा. चोर्ला घाटात रेंज गेल्यावर हे आठवून उपयोग नसतो. पेन ड्राइव्हवरून जुन्या ॲपमध्ये दाखवलेल्या एमपी३ फाइलीही हलत नाहीत. गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग असेल तर ते यूट्यूब म्युझिकवर स्वतः अपलोड करून खाजगी ठेवता येतं.

मंडळाची प्लेलिस्ट परस्पर हलवणं

गणपतीच्या आरत्यांची प्लेलिस्ट पाच जण मिळून भरत असतील तर नव्या ॲपवर ती फक्त हलवणाऱ्याच्या नावावर जाते. बाकीच्यांकडची लिंक जुन्याच यादीची राहते. नवी लिंक ग्रुपवर टाका आणि नव्या गाण्यांची भर एकाच ठिकाणी पडेल असं ठरवून घ्या. आणि बाप्पासमोर स्पीकरला फुकट खातं जोडू नका, दोन आरत्यांच्या मध्ये साबणाची जाहिरात लागते.

काम मध्येच तुटलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवू नका, त्याच नावाची दुसरी प्लेलिस्ट तयार होते. यूट्यूब म्युझिकवर एका प्लेलिस्टमध्ये पाच हजारांवर गाणी मावत नाहीत, त्यामुळे मोठी यादी आधीच फोडा. आवडत्या गाण्यांवर तारीख आजची पडते. कोणतं गाणं कधी आवडलं हा क्रम हवा असेल तर त्यांची वेगळी प्लेलिस्ट करून हलवा.

जुनं खातं घाईने बंद करणं, किंवा बंदच न करणं

दोन्ही चुका सारख्याच महागात पडतात. महिनाभर जुनं खातं राहू द्या; बहुतेक ठिकाणी पैसे न भरता खातं आणि याद्या टिकतात. स्पॉटिफायवर चुकून पुसलेली प्लेलिस्ट ९० दिवसांपर्यंत वेबसाइटवरच्या खात्याच्या पानावरून परत मिळते. खातं मोबाइल नंबरवर असेल आणि तुम्ही सिम बदलणार असाल, तर आधी गाणी हलवा. जुन्या नंबरवर ओटीपी येणं थांबलं की तुमच्याच लायब्ररीचं दार तुम्हाला बंद.

ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे पैसे कापणं थांबलं असं नाही. प्ले स्टोअरवरून घेतलेलं सबस्क्रिप्शन प्ले स्टोअरमध्येच रद्द करायचं, आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत ते अजून चालू दिसतंय का तेही बघायचं. गाणी हलवणाऱ्या साधनाला दिलेली परवानगीही काढून टाका: स्पॉटिफायच्या खात्यात ‘मॅनेज ॲप्स’, गूगलच्या खात्यात थर्ड पार्टी कनेक्शन्स. एखादं साधन तुम्हाला कंपनीच्या लॉगिन पानावर न नेता स्वतःच्याच पानावर पासवर्ड मागत असेल, तर तिथेच मागे फिरा.