वायंगणी भाजीतली मर आणि करपा: झाडपाल्याचा अर्क कुठे चालतो, कुठे नाही

भाताची कापणी आटोपत आली, की गोव्यात व्हाळाकाठच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, जमिनीत वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर पाटाच्या पाण्यावर होणाऱ्या, भाजीची धांदल सुरू होते. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं वाफ्यात तयार असतात. लावणीनंतर महिनाभरात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो: "झाड सकाळी बरं होतं, दुपारी मान टाकली. कडूनिंबाचा अर्क मारला, फरक नाही. आता काय मारू?" यावर काही सांगण्याआधी मी झाड कापून बघायला सांगतो.

जमिनीलगतचं बोटभर खोड कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन खोडाचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं धरा, हलवू नका. काही मिनिटांत टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर. पानं हिरवी असतानाच झाड कोमेजणं ही तिची दुसरी खूण. बुरशीच्या मरीत बहुधा खालची पानं आधी पिवळी पडतात आणि पाण्यात असे धागे उतरत नाहीत.

हा राल्स्टोनिया नावाचा जिवाणू. आपली उष्ण, दमट हवा आणि आम्लधर्मी तांबडी माती त्याला मानवते. तो मुळांच्या जखमांतून शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवतो. पानावर मारलेला अर्क त्या नळ्यांपर्यंत पोचत नाही, मग तो लसणाचा असो, तुळशीचा असो की दुकानातल्या महागड्या बाटलीतला. मेलेलं झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसह काढा आणि शेताबाहेर जाळा. बांधावर टाकू नका. त्या जागेवरून पुढच्या ओळीत पाटाचं पाणी जाऊ देऊ नका, कारण रोग पाण्याबरोबर पुढे सरकतो. खोड कापलेला कोयता आणि खुरपी निखाऱ्यावर धरून मगच दुसऱ्या ओळीत न्या.

म्हणजे मरीपुढे वनस्पती निरुपयोगी आहेत का? नाहीत, पण त्यांची जागा मातीत आहे आणि वेळ लावणीच्या आधीची. निंबोळी पेंड घ्या. ती जिवाणूला थेट फारशी मारत नाही. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी मात्र तिच्यामुळे कमी होतात, आणि मरीचा जिवाणू त्यांनीच केलेल्या जखमांतून आत घुसतो. लावणीआधी १०० चौरस मीटरला अडीच किलो पेंड मातीत मिसळावी. निंबोळीची मिळाली नाही, तर करंजाची पेंड चालते. आपल्याकडे कडूनिंब घाटावरच्यासारखा नाही, करंज मात्र व्हाळाकाठी भरपूर आहे.

दुसरा उपाय मोहरी आणि मुळ्याचा. त्यांचा ताजा पाला ठेचला की नाकात झोंबणारी वाफ निघते, ती मातीतल्या रोगजंतूंना घातक असते. मोहरी फुलावर आली की कापून बारीक चिरावी, चौरस मीटरला साधारण ५ किलो या हिशेबाने ओल्या मातीत लगेच मिसळावी आणि वर प्लास्टिक दाबून घालावं. चिरून अर्धा दिवस उन्हात ठेवलात तर झोंब उडून जाते आणि उरतं ते नुसतं हिरवळीचं खत. दोन-तीन आठवड्यांनी प्लास्टिक काढून जमीन आठवडाभर उघडी ठेवावी, मगच रोपं लावावीत, नाहीतर कोवळी मुळंच भाजतात. सबंध शेताला एवढा पाला जमवणं अवघड आहे, पण रोपवाटिकेच्या वाफ्याला आणि गेल्या वर्षी मर दिसलेल्या तुकड्याला एवढे कष्ट जरूर घ्यावेत. याच पद्धतीने फ्लोरिडात ओव्यातला थायमॉल लावणीआधी मातीत देऊन टोमॅटोची मर कमी झाल्याचं शेतातल्या प्रयोगांत दिसलं आहे. ओवा विकत आणून शेताला घालणं आपल्याला परवडणारं नाही. पण अर्क मातीला द्यायचा असेल तर रोप लावण्याआधीच, हा त्यातला धडा घेण्यासारखा आहे.

मरीपासून सर्वांत भक्कम राखण वाण आणि खुंट यांचीच. वांग्यात अर्का निधी, अर्का केशव, अर्का आनंद आणि टोमॅटोत अर्का रक्षक हे बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे वाण मर सोसतात. गोव्यासाठी योग्य वाणांची चौकशी जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत करावी. आगशी गावच्या वांग्याची चव सोडवत नसेल, आणि ती कुणाला सोडवेल, तर त्याचं कलम सोलॅनम टोर्व्हम या रानवांग्याच्या खुंटावर करून घ्या. मूळ रानवांग्याचं आणि फळ आगशीचं. त्याच तुकड्यात मिरची, टोमॅटो, वांगी आलटून पालटून लावणं ही पिकाची फेरपालट नव्हे. तिघांनाही हाच जिवाणू खातो. मध्ये आळसांदे (चवळी), भेंडी किंवा भात यायला हवं.

आता पानांवरचे रोग. इथे अर्काला खरं काम आहे. मिरची-टोमॅटोवरचे पाणथळ काळे ठिपके, कोबीचा काळा घाण्या रोग, भाताचा कडा करपा हे झांथोमोनास गटातल्या जिवाणूंचे रोग. पान भोसकायला या जिवाणूंकडे काही साधन नसतं. ते पानाच्या रंध्रांतून, कडेच्या पाणी ठिबकणाऱ्या छिद्रांतून किंवा जखमेतून आत जातात, आणि त्याआधी पानावरच्या ओलाव्यात वाढतात. भाताचा करपा कडेपासूनच सुरू होतो तो यामुळेच. वायंगणी भात लावताना रोपांचे शेंडे खुडू नका, ती जखम म्हणजे उघडं दार.

जिवाणू पानावर आहे तोवर अर्क त्याला गाठू शकतो. आत शिरल्यावर नाही. म्हणून पहिले ठिपके दिसताच, किंवा सकाळचं दव जड पडू लागलं की फवारणी सुरू करावी. मी लसूण वापरतो. अर्धा किलो लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवावा, कारण त्यातलं जिवाणू मारणारं ॲलिसिन ठेचल्यावरच तयार होतं. मग दहा लिटर गार पाण्यात कालवून दुहेरी फडक्यातून गाळावा आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी पानाच्या दोन्ही बाजूंना मारावा. लसूण उकळू नये, उकळल्यावर राहतो तो फक्त वास. आधी पाच झाडांवर मारून दोन दिवस वाट पाहा, कोवळी पानं कधी कधी भाजतात. उरलेला अर्क उद्यासाठी ठेवू नका.

कुळागरवाल्यांना, म्हणजे सुपारीच्या बागा राखणाऱ्यांना, बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची) सवय असते. सुपारीवर बोर्डो मारला की फळं कुजवणाऱ्या कोळेरोगापासून बरेच दिवस निर्धास्त राहता येतं. झाडपाल्याच्या अर्काचा असा थर राहत नाही. उन्हाने तो विरतो, परतीच्या पावसाची एक सर आली की धुऊन जातो. त्यामुळे सात-आठ दिवसांनी पुन्हा मारावा लागतो, आणि पाऊस पडून गेला तर त्याच संध्याकाळी. एवढी पाळत ठेवणं जमणार नसेल तर अर्काच्या भरवशावर राहू नका, योग्य प्रमाणात तांबंयुक्त औषध घ्या.

भाताच्या कडा करप्यावर ताज्या शेणाचं २० टक्के पाणी मारण्याची शिफारस आहे. १०० लिटर पाण्यात २० किलो शेण कालवून निवळू द्यावं, गाळून रोग दिसताच मारावं आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा. तांबडी भाजी, मुळा, कोथिंबीर यांवर हे कधीही मारू नका. त्याच वेळी युरिया थांबवा. हिरव्यागार, लुसलुशीत भातावर करपा जास्त फोफावतो.

निंबोळी अर्काची खरी गरज वांग्याच्या पर्णगुच्छ रोगात आहे. पानं बारीक होऊन झुबके येतात, फळ धरत नाही. हा फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणूच, आणि तो तुडतुडे पसरवतात. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्यात ५ किलो गराची भुकटी रात्रभर भिजवून गाळलेला, तुडतुड्यांना आवर घालतो. झुबके आलेलं झाड मात्र बरं होत नाही, ते उपटावंच.

स्ट्रेप्टोमायसिनची पुडी अजून कुणी कुणी मागतं. माणसाच्या क्षयरोगावरचं औषध पिकावर फवारून जिवाणूंना त्याची सवय लावायची, हे मला मुळीच पटत नाही. शेतातल्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनवर बंदी आणणाऱ्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्येच काढला होता.

कुळागरात पानवेल असेल तिथे लसणाचा अर्क मी सर्वांत आधी सुचवीन. पान कच्चं खाल्लं जातं, त्यावर तांबं नको. तेलकट ठिपक्यांची पानं दव सुकल्यावर खुडून जाळा, ओल्या वेलीला हात लावू नका. मग फवारा, आणि फवारल्यानंतर निदान चार दिवस विड्यासाठी पानं काढू नका, लसणाचा वास राहतो.