लिंडा मारला सर्फिंगला जायच्या आधी समुद्र कसा बघायचा

बे एरियात राहून सर्फिंग शिकायचं म्हटलं की पॅसिफिकाच्या लिंडा मारचं नाव हमखास निघतं. सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे 1 ने ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास, तळाला खडक नाही तर वाळू, बीचला लागूनच पार्किंग, आणि बोर्ड-वेटसूट भाड्याने देणारी दुकानं रस्त्यापलीकडे. पण सोपा बीच म्हणजे रोज सोपा असं अजिबात नाही. लोक ॲपवर 3-4 फूट बघतात, शनिवारी सकाळी गाडी काढतात आणि तिथे पोचल्यावर वेगळाच समुद्र दिसतो, कारण उंची हा चारातला फक्त एक आकडा आहे. पिरियड, वारा आणि भरती-ओहोटी हे बाकीचे तीन, आणि माझं स्पष्ट मत आहे की नवीन माणसाने उंचीच्याही आधी पिरियड बघावा.

पिरियड म्हणजे एका लाटेनंतर दुसरी लाट यायला लागणारे सेकंद. किनाऱ्यापासून साधारण 18 सागरी मैलांवर 46026 नंबरचा बोया (लाटा मोजणारा तरंगता यंत्र-खांब) आहे, त्याचं रीडिंग एनडीबीसी या अमेरिकी सरकारी संस्थेच्या साइटवर फुकट दिसतं, ते बघायची सवय लावून घ्या. 8 सेकंदांच्या लाटेला साधारण 50 मीटर खोलीवर तळ लागायला लागतो, 16 सेकंदांच्या लाटेला मात्र 200 मीटरवरच, म्हणजे तिची ताकद पार खोलवर असते आणि उथळात आली की ती उभी राहते. म्हणून बोयावर 4 फूट 16 सेकंद दिसलं तर "फक्त चार फूट" म्हणून निघू नका, किनाऱ्यावर ती लाट त्यापेक्षा बरीच मोठी होऊन फुटू शकते. उलट 5 फूट 8 सेकंद म्हणजे बहुतेक वेळा वाऱ्याने उठवलेली खळबळ, दिसायला गडबड पण जोर कमी. आणि 15 सेकंदांचा स्वेल, म्हणजे लांबून आलेल्या लाटांची रांग, ताशी 22-23 सागरी मैलांच्या वेगाने येतो, म्हणजे बोयावर आकडा अचानक वाढलेला दिसला तर तासाभरात तो तुमच्या पुढ्यात असणार. शिकणाऱ्यांसाठी मी म्हणेन की सर्फचा अंदाज देणाऱ्या साइटवर लिंडा मारचा अंदाज 2-3 फूट, पिरियड 10 ते 13 असेल तर जा, 15 च्या वर आणि उंचीही 5 च्या पुढे असेल तर त्या दिवशी काठावर बसून बघा, तेही शिकणंच आहे.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. बीचचं तोंड पश्चिम-वायव्येला, त्यामुळे पूर्वेचा किंवा आग्नेयेचा हलका वारा जमिनीकडून येतो, तो ऑफशोर, लाटेचा चेहरा साफ ठेवतो. वायव्येचा वारा सरळ समोरून येतो आणि सगळं विस्कटून टाकतो. एप्रिल ते जूनमध्ये हा वायव्य वारा बऱ्याचदा सकाळी दहा-अकरालाच सुरू होतो, म्हणून तेव्हा पहाटे उठण्याला पर्याय नाही, शिवाय याच वाऱ्यामुळे खालचं गार पाणी वर येतं आणि वसंतात पाणी 10-11 अंशांपर्यंत उतरतं, बाहेर कितीही ऊन असलं तरी. दक्षिणेचा वारा असेल तर मात्र लिंडा मारची गंमत आहे, दक्षिण टोकाला पेड्रो पॉइंटचा डोंगर आडवा आहे त्यामुळे बाकी किनारा खराब असतानाही इथे बऱ्यापैकी चालून जातं. माझ्या मते सगळ्यात छान महिने सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात, वारा कमी, धुकं कमी, आणि पाणी त्यातल्या त्यात कोमट, म्हणजे 14-15 अंश. तरीही 4/3 मिलिमीटरचा (अंगावर 4, हातापायांना 3 जाडीचा) वेटसूट आणि पायात बूटीज (वेटसूटच्याच कापडाचे बूट) पाहिजेतच.

भरती-ओहोटीचं आपल्याला वेगळं शिकवायला नको, अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग हे कोकणात जसं तसंच तिथेही. फरक इतकाच की कॅलिफोर्नियात दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक ओहोटी नुसती उतरते आणि दुसरी पार खाली जाते. अगदी सुकतीला लाट सँडबारवर (पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर) एकदम अख्खीच्या अख्खी कोसळते, तिला क्लोजआउट म्हणतात, त्यात राइड मिळत नाही आणि बोर्डचं नाक वाळूत घुसतं. पूर्ण भरतीला लाट जाड आणि आळशी होते आणि थेट काठाशी आपटते. ओहोटीनंतर पाणी चढायला लागलंय ती मधली वेळ पकडा. डिसेंबर-जानेवारीच्या मोठ्या उधाणांना तर उभं राहायला वाळूही थोडीच उरते.

आता सगळे आकडे जुळले तरी पोचल्या पोचल्या पाण्यात घुसायचं नाही. बीचवरच्या टाको बेल रेस्टॉरंटच्या बाजूला उभं राहा आणि वीस मिनिटं नुसतं बघा, कारण मोठ्या लाटा सेटने, म्हणजे गटागटाने येतात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं शांत असू शकतं आणि त्या शांततेवर विश्वास ठेवून लोक आत जातात. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा, एक लाट फुटायला लागली की सुरू, त्यानंतरच्या दहा लाटा मोजा, वेळेला दहाने भागा, पिरियड खरा किती ते कळेल. मग कुठे लाट एका बाजूने उलगडत जातेय आणि कुठे एकदम पडतेय ते बघा, वाळू सरकत असते त्यामुळे मागच्या महिन्यातली चांगली जागा आज चांगली असेलच असं नाही. उत्तर टोकाला लाटा मोठ्या, दक्षिणेकडे जाल तसं लहान, म्हणून सुरुवात मध्य किंवा दक्षिणेला.

बघताना मुद्दाम शोधायची गोष्ट म्हणजे रिप करंट, किनाऱ्यावरून समुद्राकडे ओढणारा प्रवाह. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्येच एक पट्टा जिथे लाटा फुटतच नाहीत, पाणी जरा गडद किंवा मातकट, वरचा फेस हळूहळू समुद्राकडे सरकतोय. नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते आणि तो पोरांना घेऊन तिथेच उतरतो, प्लीज हे करू नका. ओढीत सापडलात तर बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याकडे उलटं पॅडल करत दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर जायचं, फुटणाऱ्या लाटा लागल्या की त्याच परत आणतात.

पावसानंतर 72 तास थांबा. सॅन पेड्रो क्रीक याच बीचवर समुद्राला मिळते आणि वरच्या वस्तीची सगळी घाण घेऊन येते. काउंटी दर आठवड्याला पाणी तपासते, त्याचा रिपोर्ट बघूनच निघा आणि एरवीही क्रीकच्या मुखापासून लांब राहा.

गर्दीत नियम एकच पाठ करा, लाट फुटतेय त्या टोकाच्या सगळ्यात जवळ जो आहे लाट त्याची, दुसऱ्याने त्याच्यापुढे उतरायचं नाही. पाण्यात असताना अधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून बघा, टेकत नसेल तर हात गारठलेत, एक शेवटची लाट वगैरे न करता बाहेर या, पार्किंगजवळ शॉवर आहेत पण आधी सूट काढून कोरडं जाकीट घाला.