बार छातीला टेकू द्या
नौपाड्यातल्या आमच्या जिममध्ये संध्याकाळी बेंच प्रेसला, म्हणजे बेंचवर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलताना, रोज हेच दिसतं: 20 किलोच्या बारला दोन्हीकडे 20-20 किलोच्या प्लेट्स, आणि बार अर्ध्यावरूनच परत वर. छातीचा स्नायू सगळ्यात जास्त ताणला जातो तो खाली, आणि नेमका तोच टप्पा सुटतो. वजन थोडं उतरवा. खवाटे एकमेकांकडे खेचून बेंचवर घट्ट रोवा, कोपरं अंगापासून साधारण 45 ते 60 अंशांवर ठेवा आणि बार स्तनाग्रांच्या किंचित खाली हलकेच टेकवा. आपटू नका. टीशर्टला बार लागला की क्षणभर थांबा, मग ढकला. मनगट कोपराच्या बरोबर वर हवं. खांद्यात पुढून टोचत असेल तर हट्ट नको, डंबेल घ्या.