जावास्क्रिप्टमधे व्हेरिएबलमधला शब्द सगळीकडे कसा बदलायचा

समजा मजकूर आहे "रु.५०० म्हणजे पाचशे रुपये, डिलिव्हरीचे रु.४० वेगळे" आणि "रु." च्या जागी सगळीकडे "₹" हवंय. पण "रु." कोडमधे थेट लिहिलेलं नाहीये, युजरने बॉक्समधे टाकलं आणि ते जुनं या व्हेरिएबलमधे आलं, "₹" आहे नवं मधे.

मजकूर.रिप्लेस(जुनं, नवं) केलं तर फक्त पहिला रु. बदलतो. मग बरेच जण दोन स्लॅशच्या मधे जुनं लिहून रेगेक्स (म्हणजे शोधायचा नमुना) बनवतात आणि सगळीकडे शोधण्यासाठी जी फ्लॅग लावतात, पण तिथे व्हेरिएबलची व्हॅल्यू येतच नाही, "जुनं" हीच अक्षरं शोधली जातात.

सरळ हे वापरा:

मजकूर = मजकूर.रिप्लेसऑल(जुनं, नवं);

व्हेरिएबलची नावं देवनागरीत खरंच चालतात, मेथडचं नाव मात्र इंग्रजी स्पेलिंगनेच, ऑलचा ए कॅपिटल. आणि डावीकडचं "मजकूर =" विसरू नका, मूळ स्ट्रिंग कधीच बदलत नाही, नवीन मिळते. ही मेथड २०२१ च्या स्टँडर्डमधे आली, क्रोम ८५, फायरफॉक्स ७७, सफारी १३.१, नोड १५ पासून चालते. त्याहून जुनं काही सांभाळत असाल तर मजकूर.स्प्लिट(जुनं).जॉइन(नवं), तेही उत्तम. फक्त जुनं रिकामं नाही ना ते आधी बघा, नाहीतर प्रत्येक अक्षराच्या मधे ₹ घुसतो.

न्यू रेगएक्स्प(जुनं, "जी") हा रस्ता मी तरी गरज असल्याशिवाय घेऊ नका म्हणेन, म्हणजे कॅपिटल-स्मॉल दोन्ही पकडायचं असेल तरच आय फ्लॅगसाठी घ्या. कारण रेगेक्समधे टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, त्यामुळे वरच्या वाक्यात "रुपये" चं "₹ये" होतं! आणि युजरने "सी++" टाकलं तर थेट एररच. म्हणून आधी जुनं एस्केप करायचं, म्हणजे त्यातल्या खास चिन्हांपुढे बॅकस्लॅश लावायचा: /[.*+?^${}()|[\]\\]/ ला जी फ्लॅग लावून प्रत्येक मॅच '\\$&' ने रिप्लेस करा आणि मग ती स्ट्रिंग रेगेक्सला द्या. २०२५ च्या स्टँडर्डमधे यासाठी रेगएक्स्प.एस्केप आलंय, नवीन ब्राउझरमधे ते वापरा.

अजून एक, नवं मधे डॉलर असेल तर रिप्लेसऑलसुद्धा त्याचा वेगळा अर्थ लावतं, "$$५०" दिलं की "$५०" उरतं. युजरचा मजकूर असेल तर व्हेरिएबलऐवजी फंक्शन द्या, मजकूर.रिप्लेसऑल(जुनं, () => नवं), मग काही छेडछाड होत नाही.

आणि मराठी मजकूर असेल तर "दुसऱ्या" सारख्या शब्दांकडे नीट लक्ष द्या. यातला ऱ दोन प्रकारे साठवलेला असतो, एकतर एकच कॅरॅक्टर किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन, स्क्रीनवर सारखंच दिसतं पण जावास्क्रिप्टला ते वेगळं वाटतं आणि बदल होतच नाही. मजकूर आणि जुनं दोन्हींवर आधी .नॉर्मलाइझ() चालवा, मग रिप्लेसऑल करा.