अॅक्रिलिकवर व्हिनाईल लावताना बबल येतायत? या चुका टाळा

व्हिनाईल म्हणजे मागे डिंक असलेली प्लास्टिकची फिल्म, ती लावताना बबल आले की सगळे आधी स्क्वीजीला (फिल्म दाबून हवा बाहेर काढायची सपाट पट्टी) नाहीतर स्वतःच्या हाताला शिव्या घालतात, मीही घालायचो. पण खरं सांगू का, स्क्वीजी हातात येईपर्यंत अर्धा घोळ होऊन गेलेला असतो. त्यामुळे बबल दिसला की लगेच पिन घेऊन धावू नका, आधी बघा की तो कधी आला आणि दिसतोय कसा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आणि इलाजही वेगळा.

चिकटवतानाच आला आणि बोट फिरवलं की मधे बारीक दाणा लागतोय, तर ती धूळ आहे. पारदर्शक अॅक्रिलिकची हीच तर गंमत आहे, लाकडावर किंवा फोम शीटवर जो कण कुणाला दिसलाही नसता तो इथे दोन्ही बाजूंनी चमकतो. आणि धूळ येते कुठून? आपणच बोलावतो. शीटवरची प्रोटेक्टिव्ह फिल्म सर्रकन ओढली की स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होतं आणि आसपासचे सगळे केस, धागे, धूळ शीटवर येऊन बसतात. मग लोक काय करतात तर कोरड्या फडक्याने खसाखसा पुसतात, म्हणजे स्टॅटिक अजून वाढलं! फिल्म सावकाश काढा, पंखा बंद करा, किंचित ओलसर मायक्रोफायबर एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा, आणि लावायच्या आधी मोबाईलचा टॉर्च शीटला अगदी आडवा धरून बघा, वरून बघताना जे काहीच दिसत नव्हतं ते सगळं दिसेल. पुसायला काचेचा अमोनियावाला स्प्रे, थिनर, अॅसिटोन यातलं काही नको. लेझरने कापलेल्या कडांना तर अल्कोहोलही लावू नका, बारीक चिरा पडतात आणि त्या परत जात नाहीत.

आता सगळ्यात डोकं खाणारा प्रकार. लावलं तेव्हा एकदम आरशासारखं बसलं होतं, आणि दोन-तीन दिवसांनी सगळीकडे गोल गोल फुगे. टोचले, दाबले, परत आले. यात तुमच्या हाताची चूक नाही, हा गॅस आहे. अॅक्रिलिक हवेतला ओलावा थोडाफार शोषून घेतं, ऊन किंवा उष्णता लागली की तो बाहेर यायला बघतो, आणि वर व्हिनाईल असल्यामुळे अडकतो. पॉलिकार्बोनेटमध्ये हा त्रास अजून जास्त. शीटवर शंका असेल तर सोपी टेस्ट आहे, त्याच शीटच्या तुकड्यावर 10 सेंटिमीटरचा चौकोनी व्हिनाईल तुकडा नीट लावा आणि 60 अंशाला 24 तास ठेवा, फुगे आले तर ती शीट आत्ता वापरू नका, अजून सुकू द्या.

या गॅसची दुसरी बाजू शाईची. सॉल्व्हंट किंवा इको सॉल्व्हंट (म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकाच्या शाईची) प्रिंट हाताला कोरडी लागते पण आत सॉल्व्हंट असतंच. मी एकदा संध्याकाळी प्रिंट काढली, घट्ट गुंडाळून ठेवली आणि सकाळी लॅमिनेट करून (वर पारदर्शक फिल्म चढवून) लावून मोकळा झालो, वेळ वाचवला म्हणून खूश पण होतो. तिसऱ्या दिवशी कडा उचलल्या, डिंक च्युइंगमसारखा मऊ. गुंडाळी म्हणजे सॉल्व्हंटला कोंडून ठेवणं. प्रिंट कमीत कमी 24 तास, शाई जास्त असेल तर 48 तास, उलगडून किंवा एकदम सैल ठेवा आणि मगच लॅमिनेशन. लेटेक्स आणि यूव्ही शाईला एवढं थांबावं लागत नाही.

लावायची पद्धत म्हणाल तर एकच चूक सगळे करतात, मागचा कागद एका झटक्यात पूर्ण काढतात. तसं करू नका. ग्राफिक जागेवर ठेवा, मधोमध मास्किंग टेपची पट्टी आडवी लावा, एक बाजू उचलून टेपपर्यंतचा कागद सोलून कापून टाका, आणि टेपकडून बाहेर जात स्क्वीजी मारा, एक बाजू झाली की टेप काढून दुसरी. न लागलेला भाग दुसऱ्या हाताने किंचित वर धरा पण ताणू नका. स्क्वीजीचा प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर थोडा चढला पाहिजे, मधे केसाएवढी जागा सुटली की तिथे लांबट बबल बसलाच म्हणून समजा. स्क्वीजीच्या धारेला फेल्ट (मऊ जाड कापड) असू द्या, नाहीतर ओरखडे.

साबणाचं पाणी मारून लावायचं का? मोठ्या तुकड्याला चालतं, पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब पुरे, पण पाणी पूर्ण बाहेर काढलं नाही तर दुधाळ डाग बरेच दिवस राहतात. एअर रिलीज व्हिनाईल असेल तर पाणी अजिबात नको, त्याच्या डिंकातल्या नाल्या हवा जायला असतात, पाण्याने त्या बुजतात. आणि हो, त्या नाल्यांची जाळी अॅक्रिलिकच्या पलीकडून दिसू शकते, म्हणून व्हिनाईल मागून लावून समोरून आरपार बघायचं काम असेल तर साध्या गुळगुळीत डिंकाचं घ्या. अशा कामात प्रिंट मिरर (आरशातल्यासारखी उलटी) करायला विसरलात तर काय होतं ते सांगत नाही.

एवढं करूनही हवेचे बारीक बबल राहिलेच तर काही दिवस थांबा, बरेचसे आपोआप बसतात. मोठा असेल तर कडेला बारीक सुईने तिरकं टोचा, बोटाने छिद्राकडे हवा ढकला, ब्लेडने चिरू नका, व्हिनाईल आक्रसलं की चीर उघडी पडते. गरम करायला हेअर ड्रायर बस झाला, हीट गनने अॅक्रिलिक 100 अंशाच्या आसपास मऊ होऊन वाकतं. धुळीचा दाणा मात्र सुईने निघत नाही, तो चेहऱ्यावर किंवा अक्षरावर आला असेल तर हलकं गरम करून सगळं सोला, आणि सोललेलं परत लावायचा मोह टाळून नवीन प्रिंट काढा, ते ताणलं गेलेलं असतं.